वाढलेली साखर आणि न विचारलेलें मन

घरांतील एखाद्या माणसास मधुमेह असला म्हणजे दोन-तीन महिन्यांनीं रक्त तपासलें जातें, कागद हातीं येतो, आणि त्यावरील आंकडा मागच्या वेळेपेक्षां मोठा दिसला कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय खाल्लें ?" मग लाडवांच्या डब्याची झडती होते, गेल्या पंधरवड्यांतील मुंजी-बारशीं आठवलीं जातात, चहांत साखर कोणीं घातली याची चौकशी होते, आणि रोगी खरोखर पथ्यानें राहिला असला तरी अपराध्यासारखा मान खालीं घालून बसतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें चित्र ओळखीचें वाटेल. मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष जून २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें आपल्या देशांत मधुमेही माणसें सुमारें १० कोटी १० लक्ष, म्हणजे शंभर प्रौढांमागें अकरांहून किंचित् अधिक आहेत. आठ-दहा प्रौढ माणसें एका छपराखालीं नांदत असलेल्या कुटुंबांत एक तरी मधुमेही निघावा, यांत नवल तें काय ?

आजच्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, "काय खाल्लें ?" या प्रश्नाच्या आधीं, निदान त्याच्या जोडीला, दुसरा एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : "मनाला काय लागून राहिलें आहे ?" हा प्रश्न केवळ मायेचा म्हणून आम्ही सुचवीत नाहीं. रक्तांतील साखरेशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे, आणि तो न विचारल्यामुळें पुष्कळ घरांत गोळ्या वाढतात, बोलणीं वाढतात, पण साखर कांहीं उतरत नाहीं.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. चरकसंहितेच्या निदानस्थानांत वातज प्रमेहाचीं कारणें दिलीं आहेत. त्यांत उपाशी राहणें, जागरण, आघात यांच्या पंक्तींत उद्वेग आणि शोक यांचीं नांवें स्पष्ट आलीं आहेत. मधुमेह हा त्या वातज प्रमेहांतीलच एक प्रकार होय. तिकडे इंग्लंडांत टॉमस विलिस नांवाच्या वैद्यानें, या रोग्याच्या मूत्रास गोडी असते हें १६७४ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें, तेव्हां दीर्घकाळ मनांत राहिलेल्या दुःखासहि त्यानें या रोगाच्या कारणांत स्थान दिलें. एकमेकांची वार्ताहि नसलेल्या दोन देशांतील वैद्यांस रोग्यांकडे पाहून एकच गोष्ट सुचावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तथापि जुन्या ग्रंथांत आहे म्हणून तें खरें, असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रयोगाचा पुरावा पाहिजे, आणि तोहि मिळालेला आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९११ सालीं असें दाखविलें कीं, धडधाकट मांजरास भय घातलें तर थोड्या वेळानें त्याच्या मूत्रांत साखर उतरते. माणसाचें काय, हा प्रश्न साहजिकच निघाला. १९१३ सालच्या हंगामांतील फुटबॉलच्या अखेरच्या अटीतटीच्या सामन्यानंतर त्याच विद्यापीठाच्या २५ खेळाडूंचें मूत्र लगेच तपासण्यांत आलें. १२ जणांच्या मूत्रांत साखर सांपडली. खरी गंमत पुढेंच आहे. त्या बारांपैकीं पांच जण राखीव गडी होते. ते मैदानांत उतरलेच नव्हते. बाहेर बसून नुसता सामना पाहत होते. त्यांनीं धांव घेतली नव्हती कीं कोणाशीं झुंज दिली नव्हती. तरी केवळ मनाच्या खळबळीनें त्यांच्या निरोगी शरीरांतील साखर मर्यादा सोडून गेली.

हें घडतें कसें तें आतां पाहूं. यकृत हें शरीराचें कोठार आहे. जेवणांतून आलेल्या साखरेचा कांहीं भाग तेथें सांठवून ठेवलेला असतो. भय, संताप, धक्का यांची वर्दी मेंदूस पोंचली कीं दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रिनलिन नांवाचा स्राव रक्तांत येतो, आणि तो यकृतास कोठार उघडण्याचा हुकूम देतो. संकटांत पळावयाचें किंवा लढावयाचें तर स्नायूंस इंधन हवें, म्हणून निसर्गानें केलेली ही तरतूद आहे. त्याच ग्रंथींतून कॉर्टिसोल नांवाचा दुसरा स्राव निघतो. तो सावकाश पण पुष्कळ वेळ काम करतो. त्याच्यामुळें यकृत अधिक साखर तयार करूं लागतें आणि इन्शुलिनचा शरीरावरील अंमल कमी होतो. निरोगी माणसाचें स्वादुपिंड अशा वेळीं जास्त इन्शुलिन सोडून हिशेब मिटवितें. मधुमेह्याच्या स्वादुपिंडापाशीं ही शिल्लकच नसते, किंवा असलेलें इन्शुलिन पुरेसें चालत नाहीं. त्यामुळें कोठार उघडतें, पण आलेला माल उचलला जात नाहीं; साखर रक्तांतच फिरत राहते. रानांत वाघ दिसला तर ही योजना प्राण वांचवील; पण बँकेची नोटीस, मुलीचें न जमणारें लग्न, भावाभावांतील वाटणीचा दावा यांच्यापासून पळून कोठें जाणार ? शरीर मात्र तीच जुनी तयारी दिवसरात्र करीत बसतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सकाळीं उपाशीपोटीं किंवा जेवणानंतर दोन तासांनीं घेतलेला आंकडा त्या वेळेपुरता असतो. आदल्या रात्रीच्या भांडणानें किंवा न लागलेल्या झोंपेनें तो वर जाऊं शकतो. पण ज्यास आपण 'तीन महिन्यांची साखर' म्हणतों ती एचबीएवनसी नांवाची तपासणी निराळी. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या काळांत त्यांच्यावर जमत गेलेल्या साखरेवरून ही सरासरी काढतात. एका दिवसाच्या रागानें ती फारशी हलत नाहीं. ती वर गेली तर कांहीं तरी गोष्ट महिनोन्महिने चाललेली आहे असें समजावें. मग ती पथ्यांतील ढिलाई असेल, औषधांतील खंड असेल, एखादें लपलेलें दुखणें असेल, किंवा मनांतील चिंता असेल. पुष्कळदां हीं चारहि एकमेकांचा हात धरूनच येतात.

नांदेड-लातूरकडील वाचकांस हा विषय पुस्तकी वाटण्याचें कारण नाहीं. २९ सप्टेंबर १९९३ रोजीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून लोक घरोघर निजले, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व भोंवतालचा मुलूख हादरला. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें अवजड माळवद, अशी आपल्याकडील घरांची जुनी बांधणी. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छप्पर निजलेल्या माणसांवर कोसळलें. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद अशा दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं, आणि ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. गेलेल्यांची मोजदाद झाली, पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. मागें उरलेल्यांच्या मनांची पाहणीहि कांहीं मनोविकारतज्ज्ञांनीं केली. तपासलेल्या माणसांपैकीं निम्म्याहून अधिक जणांत उपचार करण्याजोगा मानसिक विकार त्यांना आढळला. ज्यांचीं घरेंदारें गेलीं होतीं त्यांच्यांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत, हें प्रमाण जास्त होतें.

अशा दुःखाचा साखरेवर काय परिणाम होतो, याचें मोजमाप पुढें सव्वा वर्षानें जपानांत झालें. १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे शहरांत असाच पहाटेचा भूकंप होऊन सहा हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. तेथील डॉक्टरांपाशीं आपल्या मधुमेही रोग्यांचे भूकंपापूर्वींचे आंकडे लिहिलेले होते. नंतरचे आंकडे त्यांच्याशीं ताडून पाहिले तेव्हां तीन महिन्यांची सरासरी वाढलेली दिसली. आणि ज्यांचे जवळचे आप्त दगावले किंवा जबर जखमी झाले, ज्यांच्या घराची फार नासधूस झाली, त्यांच्यांत ती विशेष वाढलेली होती. छावणींतील अन्न, औषधांची टंचाई हींहि कारणें होतींच. परंतु दुःखाचा वाटा त्यांतून वेगळा दिसून आला. रोगी तेच, रोग तोच. फरक पडला होता तो वांट्यास आलेल्या दुःखांत.

भूकंप क्वचित् होतो. पण कणाकणानें पोखरणारी काळजी आपल्या भागांत नेहमींचीच आहे. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें ५ लक्ष लिटर पाणी आलें, तें पाहावयास लोक स्थानकावर जमले होते. ज्या घरांत त्या उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरसाठीं रात्रीं जागून काढल्या गेल्या, गांवाकडची तूर आणि सोयाबीन वाळून गेलीं, मुलाच्या शिकवणीची फी भरावयाची राहिली, त्या घरांतील मधुमेह्यानें एकहि पेढा न खातां त्याची साखर चढली असेल तर तें सहज समजण्यासारखें आहे.

मनाचा साखरेवर परिणाम होण्याची ही झाली सरळ वाट. दुसरी वाट आडवळणाची आहे, आणि संसारांत तीच अधिक चालू असते. मन खचलें कीं झोंप जाते. झोंप गेली कीं इन्शुलिनचा अंमल आणखी कमी होतो. सकाळचें फिरणें सुटतें. जेवणाची वेळ चुकते, किंवा भुकेवांचून कांहीं तरी तोंडांत टाकलें जातें. गोळी घेतली कीं नाहीं याची आठवण राहत नाहीं. आठवली तरी "आतां जगून तरी काय करावयाचें" असें वाटून ती तशीच राहते. घरांत कोणी गेलें म्हणजे सुतकाच्या दहा दिवसांत हें फार प्रकर्षानें दिसतें. येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असते, चूल वेळेवर पेटत नाहीं, गोळ्यांची पेटी कोणत्या खोलींत आहे हेंहि कोणास ठाऊक नसतें. ज्या बाईचा जन्माचा जोडीदार गेला तिला "औषध घेतलेंत का ?" असें विचारणेंहि आपणांस अप्रशस्त वाटतें. पुढें ती उपवास वाढविते, एक वेळ जेवूं लागते; घरचीं माणसें त्यास वैराग्य समजतात. साखर एकदां फार वर, एकदां फार खालीं, अशी हेलकावे खाऊं लागते. अशा घरीं एखाद्या समंजस जावेनें किंवा भाच्यानें दहा दिवस तेवढी गोळ्यांची आणि दोन घासांची जबाबदारी आपणांकडे घ्यावी. त्यानें कोणत्याहि धर्मकृत्यास बाध येत नाहीं.

आतांपर्यंत आम्ही बाहेरून येणाऱ्या दुःखाविषयीं बोललों. पण मधुमेहाचें स्वतःचेंहि एक दुःख आहे, आणि त्याकडे वैद्यकशास्त्राचें लक्ष तसें उशिरांच गेलें. ताप येतो नि जातो. मोडलेलें हाड सांधतें. मधुमेहास सुटी नाहीं. प्रत्येक घास, प्रत्येक प्रवास, प्रत्येक सण हिशेब मागतो, आणि इतकें करूनहि आंकडा कधीं कधीं मनाजोगता येत नाहीं. बॉस्टन येथील जॉस्लिन मधुमेह केंद्रांतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की यांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें हा मनस्ताप मोजण्यासाठीं २० प्रश्नांची एक यादी तयार केली. ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें २००५ सालीं १७ प्रश्नांची दुसरी यादी आली, आणि तींत या मनस्तापाचे चार भाग पाडले गेले : रोगाचेंच ओझें, पथ्य-औषधांचा जाच, डॉक्टरांविषयींची नाराजी, आणि आपल्या माणसांविषयींचा सल. हा मनस्ताप म्हणजे वेड नव्हे, आणि ज्यास डॉक्टर 'डिप्रेशन' म्हणतात तो विकारहि नव्हे. तो विकार मधुमेह्यांत इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो हें खरें, पण तो वेगळा ओळखावा लागतो. २०१० सालच्या एका अभ्यासांत तर असें दिसलें कीं, तीन महिन्यांच्या सरासरीशीं डिप्रेशनपेक्षां या रोजच्या मनस्तापाचाच संबंध अधिक जवळचा आहे.

हे चारहि भाग आपल्या एकत्र कुटुंबांत कोणत्या रूपानें वावरतात, तें पाहण्यासारखें आहे. आजोबा निवृत्त शिक्षक असतात; आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आणि आतां सारें घर त्यांचें ताट तपासतें. वडील सुनेस चाळिशींत मधुमेह निघतो. डॉक्टर सांगतात, गोळी जेवणापूर्वीं अर्धा तास घ्या. पण तिचें जेवण असतें दुसऱ्या पंगतीला. पहिली पंगत केव्हां उठेल हें ठरलेलें नाहीं, आणि ऐन वेळीं पाहुणे आले तर तिची पंगत आणखी लांबते. गोळी घ्यावी तर भोंवळ येते, न घ्यावी तर साखर चढते; आणि याबद्दल तोंडांतून शब्द काढावा तर "आतां हिला आधीं वाढा" असें ऐकावें लागण्याचें भय. आणखी एक तिसरें चित्र. घरचा मुलगा अकरावी-बारावीसाठीं लातुरास खोली घेऊन राहिलेला आहे. लहानपणापासून त्यास इन्शुलिनवरचा मधुमेह आहे. सोबतच्या मुलांसमोर टोंचून घेण्याची त्यास लाज वाटते, म्हणून दुपारचा डोस बुडतो. चांचणी परीक्षेंत गुण कमी पडले कीं रात्रीं जागरण होतें. घरीं फोनवर तो "सर्व ठीक आहे" म्हणतो, कारण त्याच्या वडिलांचा दुसरा प्रश्न नेहमीं गुणांविषयींचा असतो.

या तिघांसहि साखर म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकविण्याची गरज नाहीं. त्यांना गरज आहे ती न लाजतां बोलतां येण्याची. आपलीं माणसें प्रेमापोटींच टोंकतात, हें आम्ही जाणतों. पण वारंवार टोंकण्याचा परिणाम असा होतो कीं, रोगी लपवूं लागतो. लपवून खाल्लेला लाडू एक वेळ शरीर सोसेल. लपविलेला आंकडा मात्र डॉक्टरांस फसवितो, आणि त्या फसवणुकीवरून औषध ठरतें.

समजा, सासऱ्यांचा कागद आला आणि आंकडा वाढला आहे. सून म्हणते, "मामंजी, तुम्हीं नक्की कांहीं तरी खाल्लें असणार." झालें ! बोलणें तेथेंच संपलें. तीच जर म्हणाली, "मामंजी, मागच्या दोन महिन्यांत तुमची झोंप बरी नाहीं असें मला वाटतें. कसली काळजी लागली आहे का ?" तर कदाचित् पहिल्या दिवशीं ते "कांहीं नाहीं, सूनबाई" म्हणतील. चौथ्या दिवशीं मात्र अंगणांत बसल्या बसल्या म्हणतील, "गांवाकडच्या जमिनीचा निकाल विरुद्ध गेला. तुम्हां मुलांस सांगितलें नाहीं." कारण हातीं लागलें. जमीन कदाचित् परत येणार नाहीं. परंतु जें एकट्यानें रात्रभर वाहिलें जात होतें तें आतां चौघांनीं वाहिलें जाईल, आणि डॉक्टरांकडे जातांना नेमकें काय सांगावें हेंहि कळेल.

एका गोष्टींत मात्र उलट चूक होते. मधुमेही माणूस अकस्मात् चिडला, तोडून बोलूं लागला, कीं आपण त्यास स्वभाव म्हणतों. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतींत ती साखर फार खालीं गेल्याची खूण असूं शकते. घाम सुटणें, हात कांपणें, छातींत धडधड, घाबरें होणें, बोलण्यांत गोंधळ, हीं तिचींच लक्षणें. अशा वेळीं वाद घालूं नये. बोटाच्या थेंबावर साखर पाहावी. ती ७० च्या खालीं असेल, किंवा यंत्र जवळ नसेल आणि लक्षणें असतील, तर लहान तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें, आणि उतार पडल्यावर कांहीं खावयास द्यावें. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडांत कांहींहि न घालतां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. एकादशी-चतुर्थीचा उपवास करणाऱ्या मधुमेह्यानें त्या दिवशींची गोळी किंवा इन्शुलिन किती घ्यावयाचें, हें आधींच डॉक्टरांस विचारून ठेवावें.

मग करावें काय ? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितों. पहिली वहीची. पुष्कळ घरीं साखरेचे आंकडे लिहिण्याची वही असते. तींत आणखी एक रकाना आंखावा, आणि त्यांत रोग्यानें स्वतःच्या हातानें दोन-चार शब्द लिहावे : झोंप कशी लागली, मन कसें होतें, विशेष काय घडलें. महिन्याभरांत कोणत्या काळजीबरोबर आंकडा चढतो तें त्याचें त्यालाच दिसूं लागेल. सर्वांच्या बाबतींत सारखेंच दिसेल असें नाहीं; कोणाची साखर चिंतेनें चढते, कोणाची फारशी हलत नाहीं, इन्शुलिनवरील एखाद्याची उतरतेहि. म्हणूनच शेजाऱ्याचा अनुभव न घेतां स्वतःची वही पाहावी. दुसरी गोष्ट वेळेची. औषध आणि जेवण यांच्या वेळा घरच्या पंगतीच्या आधीं ठरवाव्या, आणि पंगतीनें त्यांच्याप्रमाणें चालावें. मधुमेही सुनेस पहिल्या पंगतीस बसविण्यानें घराची रीत मोडत नाहीं. घरांतील एक बाई धड राहते.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. पुढच्या खेपेस जातांना कागदाबरोबर ती वहीहि न्यावी, आणि दोन प्रश्नांचें उत्तर आधींच मनाशीं तयार ठेवावें : या रोगाचें ओझें आतां आवरेनासें झालें आहे काय ? आणि, पथ्य-औषधांत आपण सारखे कमी पडतों असें वाटतें काय ? यांचें उत्तर "होय, पुष्कळदां" असें असेल तर तें निःसंकोच सांगावें. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशांतहि गोडी वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करूं नये. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत, आणि तेथें या तज्ज्ञांची भेट मिळूं शकते. ज्यांना जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सोय सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांहि, विनामूल्य, मराठींत बोलतां येतें. मनोविकारावरील कांहीं औषधांनीं वजन व साखर वाढूं शकते, म्हणून आपणांस मधुमेह आहे हें तेथें न विसरतां सांगावें.

अशा उपचाराचा उपयोग होतो काय, ही शंका कोणी घेईल. तिचें उत्तर आपल्याच देशांतील एका प्रयोगानें दिलें आहे. दिल्ली, चेन्नई, बंगलोर आणि विशाखापट्टण येथील चार मधुमेह-चिकित्सालयांत, मधुमेहाबरोबर उदासीनतेचा विकारहि असलेल्या ४०४ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमींचे उपचार दिले. दुसऱ्या गटास त्यांच्या जोडीला मनाची विचारपूस करणारा, पाठपुरावा ठेवणारा एक मदतनीस आणि त्यास सल्ला देणारे तज्ज्ञ दिले. दोन वर्षांनीं पाहिलें तेव्हां, मनाची उदासीनता निम्म्यानें उतरून शिवाय साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकीं एकांत तरी चांगली सुधारणा झाली, असे रोगी पहिल्या गटांत शंभरांत सुमारें ५७, तर दुसऱ्यांत सुमारें ७२ निघाले. हे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. त्या मदतनिसापाशीं कांहीं जादू नव्हती. तो ठरल्या वेळीं विचारीत असे, ऐकून घेत असे, आणि ऐकलेलें डॉक्टरांपर्यंत पोंचवीत असे. एकत्र कुटुंबांत हें काम करूं शकणारीं माणसें घरांतच असतात.

मात्र यावरून कोणीं भलतें अनुमान काढूं नये. मन शांत केलें कीं मधुमेह बरा होतो, गोळ्या सोडून ध्यानाला बसावें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादीं लागून इन्शुलिन बंद करणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. ध्यान, भजन, फिरणें, मित्रांशीं गप्पा यांनीं मनास स्वस्थता येते व औषधास साह्य होतें. औषधाची जागा तीं घेऊं शकत नाहींत. तसेंच साखर वाढली म्हणजे ती काळजीनेंच वाढली असें गृहीत धरूनहि चालणार नाहीं. मुरलेली जखम, मूत्रमार्गाचा संसर्ग, दांतांतील पू, दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठीं घेतलेलें औषध, शिळें झालेलें इन्शुलिन, यांपैकीं कांहींहि कारण असूं शकतें. ताटाची चौकशी सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती करतांना मनाची राहूं नये, इतकेंच.

पन्नाशी-साठी उलटलेलीं आपल्याकडचीं माणसें स्वतःचें दुःख बोलून दाखवीत नाहींत. ज्यांनीं किल्लारीची पहाट पाहिली, ज्यांनीं पाण्याच्या घागरीसाठीं उन्हांत दिवस काढले, त्यांना तक्रार करणें हा दुबळेपणा वाटतो. अशा माणसांकडून उत्तर मिळण्यास वेळ लागेल. एकदां विचारून "कांहीं नाहीं" आलें म्हणून सोडून देऊं नये. आणि ज्या वाचकांस स्वतःलाच मधुमेह आहे त्यांना आमचें सांगणें असें कीं, आपल्या मनावरचें ओझें लपविणें हें पथ्य मोडण्याइतकेंच आपल्या शरीरास बाधतें. घरांतील एक तरी माणूस निवडावें, आणि त्याला तें आज रात्रीं जेवणापूर्वींच सांगावें.